फुकटच्या वकिलाचा वरखर्च : विदर्भातील विधी सेवा प्राधिकरणांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रमुख जिल्हा न्यायाधीश तथा अध्यक्ष, आणि मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (विदर्भातील अकराही जिल्हे)
माहितीसाठी : सर्व तालुका विधी सेवा समित्या व तालुका वकील संघ

विषय : मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात नेमून दिलेल्या वकिलाची फी, ती कोणी द्यायची आणि तिच्यावर हरकत कशी घ्यायची

महोदय,

‘फी काही नाही हो, टायपिंगचं तेवढं पाहून घ्या.’

प्राधिकरणामार्फत मोफत वकील घेऊन मुलाच्या ताब्याचे प्रकरण चालवणाऱ्या बाईच्या कानावर बहुधा पहिले हेच वाक्य पडते. टायपिंगमागून झेरॉक्स येते, मग नोटिशीची प्रोसेस फी, मग नकला, मग ‘लेकराला भेटायला गावात यावं लागंल, गाडीचं बघा’. रकमा शंभर, दोनशे, पाचशेच्या. पावती एकाचीही नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तारखेवर यायचे म्हणजे मजुरी आधीच बुडालेली, त्यात हा वरखर्च. वर्ष-दीड वर्षाने हिशेब मांडायला बसले की हातात एकही कागद नसतो, आणि कागद नाही म्हणून तक्रारही नसते.

आम्ही कोर्टाच्या आवारात लोकांचे अर्ज लिहून देणारे, नकला काढून देणारे विधी स्वयंसेवक आणि तालुक्यात वकिली करणारे काही वकील आहोत. हे पत्र कोणा एका वकिलाविरुद्ध नाही. आमची मागणी एकच आहे आणि ती फार खर्चाची नाही : वकील नेमल्याच्या दिवशी फीचा कागद पक्षकाराच्या हातात द्या, मराठीत, एका पानाचा. तो नसल्यामुळे काय काय घडते, ते खाली सांगतो.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला आणि बालकाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही नाही. महाराष्ट्रातली वार्षिक 3 लाखांची मर्यादा या यादीत न बसणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ताब्याच्या भांडणात बहुतेक वेळा बापासाठी. तरी तालुक्याच्या टेबलावर बाईकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागितला जातो, आणि त्यापायी तिच्या सेतू केंद्रात दोन-तीन चकरा होतात. खरे तर बापालाही कलम 13 प्रमाणे उत्पन्नाचे शपथपत्र पुरते, ते खोटे मानायला कारण असेल तरच पुढची चौकशी. अर्जावर निर्णय सात दिवसांच्या आत व्हावा, असे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे 2010 चे मोफत व सक्षम विधी सेवा विनियम आता सांगतात.

याच विनियमांत आणखी एक वाक्य आहे, आणि ते प्रत्येक तालुका कोर्टाच्या भिंतीवर रंगवून ठेवावे असे आहे. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाने नेमून दिलेल्या कामासाठी अर्जदाराकडून, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाकडून, रोख, वस्तुरूपाने किंवा अन्य कोणत्याही लाभाच्या रूपाने मोबदला घ्यायचा नाही. वस्तुरूपाने म्हणजे काय, हे आमच्याकडे वेगळे सांगायला नको. तुरीची पायली आणि गावरान कोंबडी हीसुद्धा फीच. मोफत सेवेत काय काय येते तेही ठरलेले आहे : कोर्ट फी, प्रोसेस फी, मसुदा तयार करणे, दाखल करणे, वकिलाने उभे राहणे, हुकूमनाम्याच्या आणि आदेशांच्या नकला, कागदांची छपाई आणि भाषांतर. ‘टायपिंगचं पाहून घ्या’ यातले टायपिंग त्या यादीतच आहे. तो खर्च पक्षकाराचा नव्हेच.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहू. ताब्याच्या प्रकरणात ‘कोर्टाने दिलेला वकील’ हे तीन वेगळ्या माणसांना म्हटले जाते, आणि तिघांच्या फीचा रस्ता निराळा आहे.

पहिला, प्राधिकरणाने आईला किंवा बापाला दिलेला पॅनेल वकील. त्याची फी प्राधिकरण देते, पक्षकार शून्य. दुसरा, न्यायमित्र. कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 प्रमाणे त्या न्यायालयात पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क नसतो, पण न्यायालय न्यायहितासाठी एखाद्या कायदेतज्ज्ञाला मदतीला बोलावू शकते. हा माणूस न्यायालयाचा. तो आईचाही नाही आणि बापाचाही नाही. तिसरा, अज्ञान (म्हणजे वयात न आलेल्या) मुलासाठी दाव्यापुरता नेमलेला पालनकर्ता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32 नियम 4 प्रमाणे दुसरी योग्य आणि तयार व्यक्ती नसेल तर न्यायालय आपल्या अधिकाऱ्याला हे काम देऊ शकते. तालुक्यात ते बहुधा नाझराकडे (कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाते, कधी एखाद्या वकिलाकडे.

बाईला हे तिघे एकच वाटतात आणि त्यात तिचा दोष काही नाही, कारण नेमणुकीचे पत्र वकिलाकडे जाते, एक प्रत कोर्टाच्या फाईलला लागते आणि तिला तोंडी नाव सांगितले जाते. मग ती मुलासाठी नेमलेल्या वकिलालाच आपला वकील समजून ‘माझाही अर्ज टाका’ म्हणते. त्यानेही तो टाकला आणि तिच्याकडून पाचशे रुपये घेतले, की प्रकरण बिघडले. उद्या बापाचा वकील उभा राहून म्हणेल की मुलासाठी नेमलेला माणूस एका बाजूचे पैसे घेतो, त्याचा अहवाल बाजूला ठेवा. तो चूक म्हणणार नाही. पाचशे रुपयांपायी लेकराशी झालेले सगळे बोलणे वाया जाते.

आता बिलाकडे वळू. न्यायालयाने फी पक्षकारांवर टाकली असेल, किंवा वकिलाने प्राधिकरणाकडे बिल लावले असेल, तर ते पारखायचे एकच साधन आहे : रोजनामा. प्रत्येक तारखेला काय झाले, कोण हजर होते, कोणत्या निशाणीवर (फाईलमधल्या कागदाच्या क्रमांकावर) काय आदेश झाला, हे त्यात असते. बिल ‘तारखा’ मोजून केलेले असते आणि सगळ्या तारखा सारख्या नसतात. समजा बिलात 22 तारखा आहेत. रोजनाम्यात त्यांपैकी 6 ला ‘मा. न्यायाधीश रजेवर’, 5 ला याच वकिलाचा मुदत अर्ज मंजूर, 3 ला ‘वकील गैरहजर, पुकारा केला’. काम झालेल्या तारखा उरल्या 8. न्यायाधीश रजेवर असताना वकील आवारात आला होता हे खरे असेल, त्याबद्दल काही द्यायचे की नाही यावर मतभेद होऊ शकतो. पण स्वतः मागितलेल्या मुदतीची फी लेकराच्या नावावर लावता येत नाही, यावर मतभेद होऊ नये.

रोजनामा मिळवायचा कसा, हे लोकांना कोणी सांगत नाही. मोबाईलवरच्या ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये प्रकरणाचा 16 अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की तारखा आणि त्या दिवशीचे कामकाज थोडक्यात दिसते. अंदाजासाठी तेवढे पुरे, तक्रारीला पुरत नाही. त्यासाठी नकलेच्या खिडकीवर अर्ज करून प्रमाणित नक्कल घ्यायची. अर्जात प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावे, ‘संपूर्ण रोजनामा’ असे शब्द आणि नेमणुकीच्या आदेशाची निशाणी व तारीख लिहायची. नुसते ‘कागद द्या’ लिहिले की अर्ज त्रुटीत निघतो आणि पुढची एसटी पकडून परत यावे लागते. प्रकरण प्राधिकरणामार्फत असेल तर नकलेचा खर्चही प्राधिकरणाचा.

बिलात दुसरी बघायची नोंद म्हणजे मुलाची भेट. मुलासाठी नेमलेल्या माणसाचे खरे काम तेच. किती वेळा भेटला, कुठे भेटला, सोबत कोण होते, कोणत्या भाषेत बोलला? धारणीच्या पुढच्या गावातल्या कोरकू लेकराशी किंवा भामरागडच्या माडिया लेकराशी मराठीत अर्धा तास बोलून ‘मुलाची इच्छा जाणून घेतली’ असा अहवाल येत असेल, तर फीच्या आधी त्या अहवालावरच हरकत घ्यावी लागते. दुभाषा म्हणून मुलाचा काका बसवला जातो, आणि तो काका ज्या घरात लेकरू राहते त्याच घरातला असतो. लेकरू त्याच्याकडे बघून उत्तर देते. दुभाषा बाहेरचा हवा आणि त्याचा भत्ता पक्षकाराच्या पिशवीतून जाता कामा नये. गाडीखर्चाच्या नोंदीपुढे भेटीची तारीख आणि ठिकाण लिहिलेले नसेल तर ती नोंद मंजूर करू नये, एवढा साधा नियम सचिवांना आजच करता येईल.

सर्वांत अवघड भाग आदेशांचा आहे. ‘उभय पक्षकारांनी वकिलांची फी द्यावी’ असा एका ओळीचा आदेश होतो. किती, केव्हापर्यंत, कोणी किती हिस्सा आणि कोणाच्या हातात, यातले काहीच त्यात नसते. मग रक्कम आवारातल्या निंबाखाली ठरते. निम्मी-निम्मी म्हटले की समान वाटते, पण एका बाजूला पगारदार बाप आणि दुसऱ्या बाजूला निंदण-वेचणीच्या रोजावर घर चालवणारी आई असेल तर निम्मे म्हणजे समान नव्हे. आमची विनंती अशी की आदेशातच एकूण रक्कम किंवा कमाल मर्यादा, प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या उत्पन्नाप्रमाणे, मुदत, आणि पैसे थेट वकिलाला न देता नाझराकडे पावतीने भरण्याची सूचना असावी. शेवटी आणखी एक ओळ असावी : फी थकली या कारणाने मुलाची ठरलेली भेट थांबणार नाही. भेट अडवून फी वसूल करण्याचा प्रकार होतो, आणि त्याला कायद्यात जागा नाही.

असा मोघम आदेश ज्यांच्या प्रकरणात झाला आहे त्यांनी वरच्या कोर्टाकडे धावण्याआधी त्याच न्यायालयात ‘फी निश्चित करून मिळणेबाबत’ अर्ज द्यावा. सोबत उत्पन्नाचे शपथपत्र, रोजनाम्याची नक्कल, बिलाची प्रत, आणि बिलातल्या कोणत्या नोंदीला का हरकत आहे याचा तक्ता. ‘फी फार आहे’ एवढेच लिहिलेला अर्ज टिकत नाही. ‘नोंद 4, अमुक तारीख, रोजनाम्यात गैरहजर’ असे लिहिलेला टिकतो. पैसे भरल्याशिवाय गत्यंतर नसेल तर ‘हरकत राखून’ असे पावतीवर किंवा पुरसिसवर (कोर्टात दिलेल्या लेखी निवेदनावर) लिहून भरावे. नंतर हरकत घेताना ‘तुम्ही तर राजीखुशीने दिले’ हे उत्तर त्यामुळे बंद होते.

अज्ञानाच्या मिळकतीतून होणाऱ्या खर्चाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण विदर्भात तो नुसता कायद्याचा मुद्दा राहत नाही. आदेश 32 नियम 4 प्रमाणे न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा खर्च पक्षकारांपैकी एकावर किंवा अनेकांवर टाकता येतो, न्यायालयात जमा असलेल्या निधीतून देता येतो, किंवा मुलाच्या मिळकतीतून. शेतकरी आत्महत्येनंतरचे घर डोळ्यांपुढे आणा. नवरा गेला, सासरा आणि सून यांच्यात लेकराच्या ताब्याचे आणि वावराच्या हिश्श्याचे भांडण एकाच वेळी सुरू झाले. सातबाऱ्यावर लेकराचे नाव ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान, पालनकर्ती आई) असे लागले आहे. पात्र कुटुंबाला मिळणाऱ्या 1 लाखाच्या मदतीतले 30,000 हाती आले आणि 70,000 ठेवीत गेले. अशा घरात ‘अज्ञानाच्या मिळकतीतून’ हे दोन शब्द आदेशात पडले तर हात कशाला लागणार? मुलाच्या हिश्श्याच्या वावराला, नाहीतर त्याच्या नावाची काही ठेव असेल तर तिला. खर्च परत मिळण्याबाबत किंवा वजावटीबाबत न्याय्य सूचना देण्याचा अधिकारही त्याच नियमात न्यायालयाला आहे, पण तो मागितल्याशिवाय वापरला जात नाही, आणि मागणारे कोण? लेकराच्या वतीने मागायला जो बसवला आहे, त्याच्याच फीचा प्रश्न असतो.

म्हणून मुलाच्या मिळकतीतून फी देण्याचा अर्ज आला की त्याची नोटीस प्राधिकरणाच्या सचिवांना जावी. मूल स्वतः कलम 12 खाली मोफत सेवेला पात्र आहे. त्याचा वकील प्राधिकरणाकडून देता येत असताना त्याची ठेव मोडायचे कारणच उरत नाही. आणि बाप गेल्यावर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम 6 प्रमाणे आई ही नैसर्गिक पालक आहेच. आईचे आणि लेकराचे हित परस्परविरोधी असल्याचे दिसत नसेल तर तिला बाजूला सारून तिसरा माणूस नेमण्याची घाई का, हेही विचारायला हवे.

इथे वकिलांची बाजू मांडली नाही तर पत्र एकांगी होईल. जिथे बिल निकालानंतरच घेतले जाते तिथे ताब्याचे प्रकरण पॅनेल वकिलाला परवडत नाही. अंतरिम ताबा, भेटीचे अर्ज, त्यात बदलाचे अर्ज, मग पुरावा. मूल अंगणवाडीतून तिसरीत जाते तरी निकाल नाही. तोवर टायपिस्टला, झेरॉक्सवाल्याला, प्रोसेस फीला वकील खिशातून देतो. नवा वकील तीन-चार प्रकरणांनंतर थकतो आणि भार पक्षकारावर ढकलतो. हे क्षम्य नाही, पण कळण्यासारखे आहे. उपाय तुमच्याच हातात आहे. दाखल झाल्यावर एक, पुरावा संपल्यावर एक आणि निकालावर एक असे टप्प्याने बिल मंजूर करा, आणि किरकोळ खर्चासाठी तालुका समितीकडे थोडी अग्रिम रक्कम ठेवून ती पावतीवर महिन्याच्या महिन्याला भरून द्या. विनियमही फी विनाविलंब द्यायलाच सांगतात. फौजदारी आरोपींसाठी पगारी बचाव वकिलांचे कार्यालय सुरू झाले, त्याचा ताब्याच्या दिवाणी प्रकरणांना उपयोग नाही, तिथे अजून पॅनेलच आहे.

तक्रारीबद्दल. लोक ती चुकीच्या दारात नेतात. ग्राहक आयोगात जाऊन उपयोग नाही, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 ला दिला आहे. बार कौन्सिलकडे वकील अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली गैरवर्तनाची तक्रार करता येते, ती करावी, पण तो रस्ता मुंबईहून जातो आणि चालू प्रकरणाला त्याने लगेच उतार पडत नाही. जवळचा दरवाजा म्हणजे जिल्हा प्राधिकरणाचे सचिव. वकील समाधानकारक काम करत नसेल किंवा विनियमांविरुद्ध वागला असेल तर प्रकरण त्याच्याकडून काढून घेण्याचा आणि त्याला पॅनेलवरून वगळण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. अर्ज एका पानाचा असावा : नेमणुकीची तारीख, प्रकरण क्रमांक, पैसे कोणत्या तारखेला, किती, कोणाच्या हातात किंवा कोणत्या मोबाईल नंबरवर. हल्ली पैसे फोनपेवरून जातात आणि बहुधा वकिलाच्या नाही, कारकुनाच्या नाहीतर टायपिस्टच्या नंबरवर. त्यातला 12 आकडी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक लिहून ठेवावा. फोन फुटला तरी बँकेत तो सापडतो. रोख दिले असतील तर त्याच दिवशी वहीत तारीख घालून लिहावे.

तरी लोक अर्ज देत नाहीत, कारण उद्याच्या तारखेला उभा तोच वकील राहणार असतो आणि फाईल त्याच्याकडे असते. इथे दोन गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडकवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगून ठेवले आहे. आणि पॅनेल वकिलाची पक्षकाराकडे बाकी असूच शकत नाही, तेव्हा नवा वकील देताना ‘आधी जुन्याची ना-हरकत आणा’ म्हणत बाईला परत पाठवू नये. तक्रार आल्यापासून सात दिवसांत दुसरा वकील आणि फाईल, दोन्ही तिच्या हाती पडावे. अर्ज स्वीकारायला जेवढे दिवस दिले आहेत तेवढेच वकील बदलायला पुरेत.

आता तो एका पानाचा कागद. मजकूर आम्हीच लिहून देतो, शिक्का आणि सही तेवढी तुमची :

‘प्रकरण क्रमांक ____. आपल्यासाठी / अज्ञान ____ यांच्यासाठी ॲड. ____ यांची दिनांक ____ रोजी नेमणूक केली आहे. हे वकील ☐ आपले ☐ न्यायालयाचे मदतनीस ☐ मुलासाठी नेमलेले पालनकर्ते आहेत. त्यांची फी ☐ प्राधिकरण देईल ☐ न्यायालयाच्या दिनांक ____ च्या आदेशाप्रमाणे रु. ____, आपला हिस्सा रु. ____, नाझराकडे भरून पावती घ्यावी. टायपिंग, झेरॉक्स, कोर्ट फी, प्रोसेस फी, नकला, प्रवास किंवा इतर कोणत्याही नावाने वकील, कारकून अथवा टायपिस्ट यांना रोख, मोबाईलवरून किंवा वस्तुरूपाने काहीही देऊ नये. मागणी झाल्यास सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांना लेखी कळवावे किंवा 15100 वर फोन करावा. हा कागद वाचून दाखवला : ____ (वाचणाऱ्याची सही, भाषा).’

शेवटच्या कंसातली ‘भाषा’ वगळू नका.

आपले,
विदर्भातील काही विधी स्वयंसेवक आणि तालुका न्यायालयांतील वकील